घरी बांधलेल्या विमानात जादा सामान बसवताना वजनाचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज, कुपवाड, कराड, सातारा या पट्ट्यात फॅब्रिकेशनची कामं करणारी, लेथ-मिलिंगवर हात बसलेली माणसं भरपूर आहेत. त्यातल्या कुणाला किटचं विमान बांधायचं असतं, कुणाचं अर्धं बांधून शेडमध्ये उभं असतं. इंजिनिअरिंगची मुलंही विचारतात. बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात: अजून एक वस्तू बसवू का? म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिकामं वजन, कमाल वजन, उपयुक्त वजन यात नेमका फरक काय?

रिकामं वजन म्हणजे उडायला तयार, पण माणसं, सामान आणि वापरता येणारं इंधन नसलेलं विमान. टाकीच्या तळाशी उरणारं, इंजिनाला कधीच न मिळणारं इंधन यात धरतात, इंजिन ऑइलही धरतात. कमाल वजन म्हणजे उड्डाणाच्या क्षणी सगळं धरून जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा. दोन्हींतला फरक म्हणजे उपयुक्त वजन. बसवलेली प्रत्येक वस्तू याच्यातूनच कापली जाते. पॅनेलवरचा जादा डिस्प्ले म्हणजे तेवढं पेट्रोल कमी किंवा तेवढी बॅग कमी.

२. कमाल वजन ठरवतं कोण? विमान मी बांधलं, तर आकडा मी वाढवू शकतो का?

मूळ आकडा डिझाइन करणाऱ्याचा असतो. पंखाचा स्पार (पंखाच्या आतला मुख्य कणा), पंख जोडणारे बोल्ट, लँडिंग गिअर हे सगळं त्या आकड्यावर काढलेलं असतं. ५६० किलोचं विमान ३.८ जी साठी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भारासाठी, डिझाइन केलं असेल, तर रचनेने २,१२८ किलोचा भार सोसायचा असतो. त्याच रचनेवर ५९० किलो घेऊन उडालात तर तुमची मर्यादा ३.८ वरून ३.६ वर आली. विमान दिसायला तेच असतं, पण उन्हाळी दुपारी सह्याद्रीच्या कडेला बसणाऱ्या धक्क्यासाठी राखलेली जागा तुम्ही खाऊन टाकलेली असते.

एकाच विमानाला दोन मर्यादा असतात त्या यामुळेच. आरव्ही-७ या दोन आसनी किट विमानाचं कमाल वजन ८१६ किलो, पण कसरती करायच्या तर ७२६ किलोच.

अमेरिकेत हौशी बांधणारा स्वतःच निर्माता ठरतो आणि कागदावर वेगळा आकडा लिहू शकतो. आपल्याकडे नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, मिळवावी लागते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ साली मेक इन इंडिया प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं. त्याची व्हीटी-एनएमडी ही नोंदणी २०१७ साली झाली आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीला त्यापुढेही वेळ लागला. एवढ्या खटपटीने मिळणाऱ्या कागदावर जो आकडा असतो तो पाळायचाच. आणि कागद कुठल्याही देशाचा असला तरी डिझाइनरच्या गणिताशिवाय हा आकडा वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे.

३. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये वजन दिलेलं असतं. तेच धरलं तर चालणार नाही का?

अंदाजाला चालेल, हिशेबाला नाही. कॅटलॉगमधलं वजन बहुधा नुसत्या डब्याचं असतं. रेडिओ बसवला की त्याच्यामागे ट्रे येतो, वायरिंग हार्नेस येतो, अँटेना, कोॲक्स केबल, सर्किट ब्रेकर, क्लॅम्प, नटबोल्ट, अँटेनाखालची, पत्र्याला जोर देणारी डबलर प्लेट येते. डबा अर्ध्या किलोचा आणि सगळं मिळून किलोच्या वर, असं नेहमी होतं.

उपाय सोपा आहे. बाकावर ५ किलोचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा ठेवा. जे विमानात जाईल ते आधी काट्यावर, मग वहीत: वस्तू, वजन, बसवायची जागा. काम झाल्यावर कापलेल्या वायरचे तुकडे, ड्रिलचा चुरा, उरलेले रिव्हेट तोलून वजा करा. चार दिवसांत हाताला सवय लागते.

४. विमान तोलायला काटा कुठला? आमच्या शेजारी साखर कारखान्याचा वजनकाटा आहे.

तो काटा उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी आहे. असे काटे १० किंवा २० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात. तुमचा सगळा वाद दोन-चार किलोंचा असतो, त्यामुळे तो इथे निरुपयोगी. शिवाय तो एकूण वजन सांगेल, कुठल्या चाकावर किती ते सांगणार नाही.

मार्केट यार्डात हळदीचं, गुळाचं वजन करतात तसले २०० ते ३०० किलोचे प्लॅटफॉर्म काटे योग्य. ५० किंवा १०० ग्रॅमचा टप्पा असतो आणि व्यापारी काट्यांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. एका दिवसापुरते तीन काटे ओळखीतून किंवा भाड्याने मिळतात. आणले की प्रत्येकावर शिक्क्याची २० किलोची वजनं चढवून बघा. त्यातही शंका राहिली तर डाव्या-उजव्या चाकाखालचे काटे अदलाबदल करून पुन्हा तोला. फरक काट्याबरोबर फिरला तर दोष काट्यात आहे.

तीन काटे नसतील तर एकावरही भागतं. काट्याच्या उंचीएवढे लाकडी ठोकळे बाकी दोन चाकांखाली घ्यायचे आणि काटा एकेका चाकाखाली फिरवायचा. वेळ तिप्पट लागतो, उत्तर तेच येतं.

५. प्रत्यक्ष तोलायची पद्धत काय?

दारं-खिडक्या बंद असलेली शेड हवी. पंख हा वारा पकडण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे दारातून आलेली झुळूकही आकडा हलवते. विमान स्वच्छ पुसून घ्या. सीटखाली राहिलेला पाना, मागे पडलेलं फडकं, सगळं बाहेर काढा. टाक्या रिकाम्या (तळाचं न मिळणारं इंधन तेवढं धरून), ऑइल पूर्ण, ब्रेक सोडलेले. ब्रेक लावून ठेवले तर टायर काट्याला आडवे रेटतात आणि आकडा फसवा येतो.

मग लेव्हल. किटच्या नकाशात कुठली कड आडवी धरायची ते दिलेलं असतं. त्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून नाकाच्या चाकाची हवा कमी-जास्त करत बुडबुडा मध्यावर आणायचा.

यानंतरचं काम सावकाश करायचं. डेटमवरून, म्हणजे जिथून सगळी अंतरं मोजायची त्या ठरलेल्या बिंदूवरून, ओळंबा सोडायचा. ओळंब्याचं टोक डुलायचं थांबेपर्यंत थांबायचं आणि फरशीवर खडूने बारीक फुली मारायची. तिन्ही चाकांच्या एक्सलच्या मध्यावरून तसंच. फरशीवर विमानाच्या मध्यरेषेची सुतळी ताणून फुल्यांमधली अंतरं पोलादी टेपने मिलिमीटरपर्यंत घ्यायची. नकाशातली अंतरं उतरवून घेऊ नका. तुमचं लँडिंग गिअर नकाशापेक्षा १० मिलिमीटर पुढे-मागे बसलेलं असू शकतं आणि वजनाखाली ते फाकतंही.

सगळं उतरवून विमान पुन्हा चढवा आणि दुसऱ्यांदा तोला. दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच लिहा.

६. सीजी कसा काढायचा? एखादं उदाहरण आकड्यांसकट द्या.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून नमुन्याचं दोन आसनी विमान घेऊ. आकडे समजावण्यासाठी आहेत, तुमच्या विमानाला लावू नका. डेटम स्पिनरच्या, म्हणजे प्रोपेलरवरच्या टोपीच्या, टोकाला. कमाल वजन ५६० किलो. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, डेटमपासून १.७६ ते १.९३ मीटरच्या आत हवा.

नाकाचं चाक ६८ किलो, अंतर ०.८० मीटर. मागची दोन चाकं मिळून २४४ किलो, अंतर २.१० मीटर. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट: ५४.४ आणि ५१२.४, बेरीज ५६६.८. भागिले ३१२ किलो. रिकाम्या विमानाचा सीजी १.८१७ मीटर.

आता दोन माणसं १६० किलो (२.०० मीटरवर), ८० लिटर ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) म्हणजे ५७.६ किलो (पंखात, १.८५ वर), बॅग १५ किलो (२.६५ वर). एकूण ५४४.६ किलो, मोमेंट १,०३३.१, सीजी १.८९७. सगळं मर्यादेत आणि १५.४ किलो शिल्लक.

मालक म्हणतो, शिल्लक आहे तर सीटमागे अख्खं विमान खाली उतरवणारं १४ किलोचं पॅराशूट बसवू (२.७५ वर). वजन ५५८.६, सीजी १.९१८. अजूनही मर्यादेत. पण उडून ५० लिटर जाळल्यावर काय होतं पाहा. इंधन सीजीच्या पुढे होतं, ते संपलं की सीजी मागे सरकतो: १.९२३. मर्यादेला ७ मिलिमीटर उरले.

मग शेपटीत दिवा, त्याचा पॉवर सप्लाय आणि आपत्कालीन ट्रान्समीटर मिळून फक्त २ किलो येतात, ५.१० मीटरवर. उड्डाणाचं वजन ५६०.६, म्हणजे मर्यादेच्या वर. आणि इंधन जाळल्यावरचा सीजी १.९३५, मर्यादेच्या बाहेर. चौदा किलोंनी जे बिघडलं नाही ते दोन किलोंनी बिघडवलं. उपाय बॅगेतून निघतो: १५ ऐवजी ५ किलो. मग उड्डाणाला ५५०.६ किलो आणि उतरताना सीजी १.९२१.

हा हिशेब छिद्र पाडायच्या आधी करायचा असतो. कागदावर अर्धा तास जातो. पत्र्याला पडलेलं छिद्र मात्र बुजवता येत नाही.

७. वजन मर्यादेत आहे, सीजी थोडासा मागे जातोय. एवढं चालतं ना?

नाही. दोन्हींतलं जास्त धोक्याचं कुठलं असं विचाराल तर मागे गेलेला सीजी. उसाची गाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, बैलाच्या मानेवरचं जू वर उचलतं आणि गाडीवानाचा ताबा जातो. विमानात नाक वर उचललं जातं, स्टिक अगदी हलकी लागते आणि स्टॉल झाला, म्हणजे पंखाने उचल सोडली, तर नाक खाली आणायला एलिव्हेटर (शेपटीतली, नाक वर-खाली करणारी हलती फळी) पुरत नाही. स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली पडणं, सपाट होऊ शकतो, आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग उरत नाही.

सीजी फार पुढे गेला तर त्रास वेगळा: उतरताना नाक उचललं जात नाही, स्टॉलचा वेग वाढतो, नाकाच्या चाकावर आपटणं होतं. तेही बाहेरच धरायचं.

८. सीजी मागे गेला तर नाकात शिसं बसवून पुढे आणता येईल?

येईल, पण किंमत बघा. वरच्या उदाहरणात शेपटीतल्या २ किलोंची भरपाई नाकात ०.५० मीटरवर करायला साधारण साडेचार किलो लागतात, कारण शेपटी सीजीपासून सव्वातीन मीटर लांब आणि नाक दीड मीटरसुद्धा नाही. म्हणजे दिव्याची खरी किंमत साडेसहा किलो. आधी असलेल्या वस्तू हलवून बघा: बॅटरी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत), ट्रान्समीटर शक्य तेवढा पुढे. शिसं हा शेवटचा उपाय, आणि ते बोल्टने पक्कं बसलेलं, नोंदीत लिहिलेलं हवं. वाळूची पिशवी सीटवर ठेवून भागवू नका.

९. लिथियम बॅटरीने ५ किलो वाचतात. मग सगळ्यांनी तीच का बसवू नये?

शिशाची ७ किलोची बॅटरी काढून २ किलोची लिथियम आयर्न फॉस्फेट बसवली तर वजन नक्की वाचतं. पण कुठून वाचलं? बॅटरी फायरवॉलवर, ०.९५ मीटरवर असेल तर नाक हलकं झालं. प्र. ६ मधला उतरतानाचा १.९२१ सीजी यामुळे १.९३१ होतो, म्हणजे वजन कमी करून विमान मर्यादेबाहेर गेलं. वाचवलेलं वजनही हिशेबात घालावं लागतं ते असं.

उलट शेपटीत असलेली जड बॅटरी काढून हलकी लावली तर फायदा दुहेरी. मात्र बॅटरी मागे ठेवण्यात केबलचं वजन असतंच: ३३ चौरस मिलिमीटरच्या नुसत्या तांब्याला मीटरला ३०० ग्रॅम. फायबरच्या बॉडीत परतीची केबलही ओढावी लागते, जाऊन-येऊन ८ मीटर धरले तर अडीच किलोच्या आसपास. लिथियमला जादा व्होल्टेजपासून संरक्षण आणि इंजिनाच्या उष्णतेपासून अंतर, दोन्ही हवं.

१०. पॅराशूट घ्यावं की तेवढं इंधन न्यावं?

कुठून उडणार त्यावर ठरवा. कोयना खोरं, पाटणचे डोंगर, इंजिन बंद पडलं तर उतरायला सपाट जागा नाही, अशा भागात उडणार असाल तर पॅराशूटच्या बाजूने मी बोलेन. मिरज-जतकडच्या मोकळ्या माळावर मत बदलू शकतं. पण ठरवायचं ते बांधणीच्या सुरुवातीला. त्याचे पट्टे रचनेच्या मजबूत जागी जोडलेले असावे लागतात, उघडताना बसणारा हिसका त्यांनी सोसायचा असतो. तयार विमानात सीटमागे डबा बोल्टने बसवला म्हणजे पॅराशूट बसलं, असं होत नाही.

११. इंधन कमी भरून जादा सामान नेलं, एकूण वजन तेच राहिलं. मग हरकत काय?

पुष्कळदा हरकत नसते, पण एक अपवाद लक्षात ठेवा. पंखातलं इंधन उड्डाणात पंखाला खाली ओढतं आणि पंखाच्या मुळाशी येणारा वाक कमी करतं. तेच वजन पंखातून काढून बॉडीत आणलं की एकूण आकडा तोच राहूनही स्पारच्या मुळावरचा ताण वाढतो. म्हणून काही डिझाइनर बॉडीतल्या वजनाची वेगळी मर्यादा देतात. ती आहे का ते नकाशात शोधा.

इंधनाचं वजनही बरोबर धरा. ॲव्हगॅस लिटरला ०.७२ किलो. पंपावरच्या पेट्रोलची घनता ०.७२ ते ०.७७५ च्या दरम्यान असते. पंपावर ती लिहिलेली असते, विचारून घेता येते. मात्र आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि अशा हलक्या विमानांत बसणाऱ्या रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांना जास्तीत जास्त १० टक्के चालतं. आपल्या जिल्ह्यांत उसाचं इथेनॉल कितीही बनत असलं तरी ते या इंजिनांत घालू नका.

१२. रंगाला कितीसं वजन असणार?

दोन आसनी विमानाला प्रायमरसकट ५ ते १० किलो सहज लागतात. पुटी जास्त वापरली तर त्याहून जास्त. ऑटोमोबाइल गॅरेजमध्ये रंगवायला दिलं तर आधी बजावून सांगा: पातळ थर, पुटी कमीत कमी. अंतिम तोलणी रंगानंतरच.

एलिरॉन, एलिव्हेटर, रडर या विमान वळवणाऱ्या हलत्या भागांना दिलेला रंग वेगळा विषय आहे. हे भाग बिजागरीवर समतोल साधून बसवलेले असतात. मागच्या कडेला शंभर-दोनशे ग्रॅम रंग चढला तरी समतोल बिघडतो आणि वेग वाढल्यावर फडफड सुरू होऊ शकते, ती काही सेकंदांत शेपटी तोडते. रंगवल्यावर प्रत्येक भाग उतरवून पुन्हा समतोल तपासा.

१३. वजन मर्यादेत आहे, तरी उन्हाळ्यात विमान उठत नाही असं का?

कारण मर्यादेचा आकडा हवामान बघत नाही. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहाशे मीटरवर. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी ४० अंश असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण सव्वापाच ते साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण १५ टक्के कमी होते, प्रोपेलर आणि पंखही कमी काम करतात.

त्यात वजनाचं गणित: वजन १० टक्के वाढलं की स्टॉलचा वेग ५ टक्के वाढतो आणि उड्डाणाला लागणारं अंतर सुमारे २० टक्के. सकाळी साडेसहाला सहज जमलेलं दुपारी दोनला जमत नाही. उन्हाळ्यात स्वतःसाठी कमाल वजनापेक्षा खालचा आकडा ठरवून ठेवा. सांगलीकरांसाठी हे आणखी महत्त्वाचं, कारण कवलापूरची जुनी धावपट्टी वापरात नाही आणि उडायला दुसरीकडेच जावं लागतं. तिथे पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं.

१४. ८० ऐवजी १०० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. आता वजन वाढवायला हरकत नसावी?

चढण्याचा वेग वाढेल, धावपट्टी कमी लागेल. स्पार तोच, बोल्ट तेच, ब्रेक आणि टायर तेच. प्र. २ मधला आकडा जागचा हलत नाही.

१५. नंतर एखादी वस्तू लावली किंवा काढली, तर पुन्हा पूर्ण तोलायचं का?

दर वेळी नाही. वस्तूचं वजन आणि अंतर मोजून जुन्या आकड्यांत मिळवा किंवा वजा करा, नवं रिकामं वजन आणि सीजी तारीख घालून लिहा, जुना कागद रद्द म्हणून जपून ठेवा. अशा बऱ्याच नोंदी साचल्या, मोठी दुरुस्ती झाली, पुन्हा रंग दिला किंवा इंजिन-प्रोपेलर बदललं, तर काटे आणा.

टॅब, हेडसेट, पाण्याच्या बाटल्या, हत्यारांची पिशवी, विमान बांधायचे दोर हे रिकाम्या वजनात नसतात, पण असतातच. एकदा सगळं एका पोत्यात घालून तोला. सहा-सात किलो निघाले तर आश्चर्य नको. ते बॅगेच्या आकड्यात धरा.

१६. माझं विमान टेलव्हीलचं, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेलं, आहे. तोलताना वेगळं काय?

शेपटी उचलून विमान लेव्हलला आणावं लागतं, म्हणून मागच्या काट्यावर घोडी ठेवून तिच्यावर टेलव्हील टेकवा. घोडीचं वजन आधी तोलून वजा करा, हे विसरणारे पुष्कळ आहेत. शेपटीवर एकूण भार थोडाच असतो, पण अंतर मोठं. तिथे १ किलोची चूक झाली तर वरच्या आकाराच्या विमानात सीजी सुमारे १० मिलिमीटर चुकतो. मागच्या काट्याला सगळ्यांत चांगला काटा द्या.

१७. अर्धवट किंवा उडालेलं विमान विकत घेतोय. जुन्या मालकाचा वजनाचा कागद आहे, तो धरू का?

कागद वाचा, त्यातल्या सामानाच्या यादीतली प्रत्येक वस्तू विमानात आहे का ते बोट ठेवून बघा, आणि यादीत नसलेली काय आहे तेही. डेटम कुठला धरलाय आणि अंतरं मोजलेली की नकाशातली, हे मालकाला विचारा. मग पैसे देण्याआधी विमान त्याच्याच शेडमध्ये तीन काट्यांवर चढवू द्यायला सांगा. त्याने नाही म्हटलं तर व्यवहार तिथेच थांबवा.